डाव्या हाताची रांग

"तुमची रांग डावा हात."

असं म्हणे गुरुजी. आन बोटानं आमच्याकडं दाखवलं.

मी चौथीत होती. दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब येणार होते, म्हणून गुरुजी आमची तयारी करून घेऊन राह्यले होते. साहेबानं कोणताबी प्रश्न विचारला का समद्यायनं हात वर कराचा. एकबी हात खाली दिसला नाही पाहिजे. ज्याले उत्तर येते त्यानं उजवा, ज्याले येत नाही त्यानं डावा. मंग गुरुजी साहेबाले म्हणणार, थांबा साहेब, मी उठवतो एकेकाले. आन उजव्या हातवाल्यालेच उठवणार. साहेबाले काय समजते उजवा आन डावा. त्याले हाताचं रान दिसते, बस.

ही युक्ती काही आमच्याच गुरुजीची नाही. डी.एड.च्या कोणत्या पुस्तकात ती नाही, तरी लय मास्तरायले येते.

पण आमच्या गुरुजीनं त्याच्यातबी सोपं काम केलं. कोणाले येते आन कोणाले नाही, हे पाहत कोण बसते. खिडकीकडच्या रांगा उजव्या, दाराकडची रांग डावी. दाराकडं आमी बसत होतो, चपलांजवळ. मांगवाड्याचे पोट्टे, आन नाल्यापलीकडच्या पारध्यायचे दोघं. आमाले काय येते हे गुरुजीनं विचारलंच नाही.

गावाचं नाव मी घेत नाही. कामरगावहून जीप येते आमच्याकडं, एवढं सांगते. नाव घेतलं तं लोक म्हणतीन, त्या गावातच असं होते, आमच्याकडं नाही बाप्पा.

साहेब आले. पांढरा शर्ट, हातात काळी बॅग. बसले, पाणी पेले आन विचारलं, "बी रुजाले काय काय लागते रे?"

मले येत होतं. पुस्तकातलं येत होतं आन वावरातलंबी येत होतं. पेरणीत मायच्या मागं मी सरत्यावर बी टाकलं होतं. अख्ख्या वर्गाचे हात वर गेले. माहाबी गेला. उजवा.

गुरुजीनं माह्याकडं पाह्यलं. एवढुसंच पाह्यलं, पण मले समजलं का आता काही खरं नाही. तरी हात खाली केला नाही मी. मले वाटलं, साहेबच म्हणन, तू सांग पोरी. साहेब खिडकीकडं पाहत होते. पाटलाच्या पोट्ट्यानं उठून सांगतलं, पाणी, हवा आन ऊब. साहेब खूश झाले. "वा गुरुजी, एकही पोरगं मागं नाही तुमचं," म्हणे. मंग चहा झाला, फोटो झाला, आन साहेबाची जीप गेली.

गुरुजी वर्गात आले. मले म्हणे, "हात दाखव." मी उजवा समोर केला. छडी बसन म्हणून डोळे मिटून घेतले.

"हा नाही. डावा. वर कर."

मले दारात उभं केलं. डावा हात वर. शाळा सुटेलोक हात खाली आणाचा नाही. आला तं नाव काटणार.

मधल्या सुट्टीत खिचडी आली. वाढणारी बुढी माह्यापाशी थांबली. म्हणे, "गुरुजी, हे पोरगी?" गुरुजी खुर्चीवरूनच म्हणे, "तिचा हात मोकळा नाही."

वर्ग हसला. आमची रांगबी हसली. त्यायले तरी काय बोल लावू. गुरुजी हसले का हसा लागते.

हात आधी दुखला, मंग त्याले मुंग्या आल्या, मंग तो हात माहा आहे का नाही तेबी समजेना. त्याच्यात मले लघवी लागली. विचाराची हिंमत झाली नाही. उभ्या उभ्याच झाली. फ्रॉक ओला, पाय ओले, चपलांच्या मधून ओघळ गेला. पोट्टे आपापल्या चपला उचलाले पळाले. गुरुजी उठून आले, खाली पाह्यलं आन म्हणे, "आता कर खाली हात. आन पूस हे."

मी पुसलं. कोणत्या हातानं पुसलं हे इतकी वर्षं झाली तरी मले पक्कं ठाव हाये.

घरी माय चुलीपाशी होती. "काहून वं, फ्रॉक कायनं ओला झाला?" मी समदं सांगतलं. मले वाटलं ते शाळेत जाईन, गुरुजीले दोन शब्द बोलन. ते गेली नाही. कुठून जाईन? गुरुजीच्या साळ्याच्या वावरातच ते निंदाले जात होती. तव्यावरची भाकर जळून गेली तरी तिनं उलटली नाही. मंग म्हणे, "धुवाचा हात वर कराले लावला माह्या पोरीले." आन जरा वेळानं म्हणे, "शाळा सोडाची नाही. पण हात बी वर कराचा नाही आता. कोणताच नाही."

मी ऐकलं मायचं. बारावीलोक ऐकलं. येत असलं तरी गप बसली. मास्तर म्हणत, पोरगी हुशार आहे पण घुमी आहे. बोलाले काय होतं? जो प्रश्न विचारते त्याले आपलं उत्तर पाहिजेच नसते, हे मी चौथीतच शिकली होती.

मंग मी वाशिमले डी.एड. केलं. भरती निघन, भरती निघन म्हणत वर्षं गेली. कारंज्याले कापडाच्या दुकानात उभी राह्यली, लोकायले साड्या उलगडून दाखवल्या. शेवटी आमच्याच गावच्या शाळेत एक जागा रिकामी झाली आन शाळा समितीनं मले मानधनावर घेतलं. चौथीचा वर्ग. तोच वर्ग, तेच दार. रंग नवा दिला होता, भिंतीवर फुलपाखरं काढली होती. पोट्टे मात्र तसेच बसले होते. दाराकडं आमचे, चपलांजवळ.

मी पहिल्याच आठवड्यात समदे मिसळून बसवले. मुख्याध्यापक सरायनं दोन दिवस पाह्यलं, मंग परत जसे होते तसे बसवले. "पालकांची तक्रार येते मॅडम," म्हणे. कोणत्या पालकाची ते सांगतलं नाही.

सर कारंज्याहून मोटरसायकलनं येत. माणूस काही राक्षस नव्हता. कोणाले ताप आला तं स्वतःच्या खिशातून गोळ्या आणून देत. पण दाराकडच्या रांगेले त्यायनं कधी प्रश्न विचारला नाही. रागानं नाही. ते रांग त्यायले दिसतच नव्हती, भिंतीवरच्या फुलपाखरासारखी.

त्या रांगेत पायल होती. आमच्याच वाड्यातली, छायावयनीची पोरगी. तिचं अक्षर असं का पाहत राहावं. फळ्यावर जे लिहिलं ते वहीत जसंच्या तसं उतरवणार, वेलांटी न वेलांटी. सर तिची वही पाहुण्यायले दाखवत. पण मी एक दिवस तिच्याच वहीतल्या शब्दावर बोट ठेवलं आन म्हटलं, वाच. तिनं माह्याकडं पाह्यलं आन गप बसली. दुसरा शब्द, गप. एकच अक्षर दाखवलं, तरी गप. तिले वाचता येत नव्हतं. ते अक्षरं लिहीत नव्हती, काढत होती, जशी दारात रांगोळी काढते.

पहिलीपासून चौथीलोक कोणी तिले विचारलंच नव्हतं. ज्याले विचारत नाही त्याले येणार कुठून? आमाले येत होतं तरी डावा हात दिला होता. हिले डावा हात देऊन देऊन येऊच दिलं नाही. हे मले समजलं त्या दिवशी मी घरी येऊन जेवली नाही. मायनं विचारलं तं म्हटलं, पोट दुखते.

मी तिले मधल्या सुट्टीत घेऊन बसाले लागली. पण आमी दोघं मास्तर आन वर्ग चार. सर बैठकीले गेले का चारी वर्ग माह्या एकटीवर. पायलवाणी आणखीबी होते त्या रांगेत. पुढच्या वर्षी पाचवीले कामरगावले जाणं, जीपनं. छायावयनी मले सांगून चुकली होती, "वाचता आलं तं धाडीन ताई. नाही तं जीपचं भाडं कायले भराचं? वावरात येईन माह्यासंगं." पायलकडं एवढं एकच वर्ष होतं, आन ते चाललं होतं.

तवाच पुण्याची एक संस्था आली. मास्तर कसं शिकवते आन लेकरं कसे शिकते, याचा अभ्यास करणार होते म्हणे ते. मोजणी नाही, परीक्षा नाही. वर्गात मागं बसून नुसतं पाहणार. एक मॅडम आल्या होत्या, माह्याहून लहान असतीन. खांद्याले झोला, हातात टॅब. ऑफिसात आमाले समजून सांगतलं, "आम्ही चुका काढायला आलेलो नाही. तुम्ही रोज जसं शिकवता तसंच शिकवा. असं समजा की आम्ही इथे नाहीच." आन पुढं म्हणे, ज्या शाळेत वाचन कच्चं दिसेल, तिथं आम्ही वर्षभरासाठी वाचन वर्ग देऊ. एक ताई रोज येईल, फक्त न वाचणाऱ्या मुलांसाठी.

  कोणीतरी मागं बसून पाहणार. दाराकडच्या रांगेच्या बाजूले बसणार. आता तं दिसन, म्हटलं. न दिसून जाईन कुठी?

दुसऱ्या दिवशी सर माह्या वर्गात आले. दार लोटून घेतलं. "उद्या मॅडम बसतील मागे. प्रश्न विचारला की सगळ्यांचे हात वर पाहिजेत," म्हणे. पुढचं वाक्य मले ठाव होतं. सरायनं दाराकडं बोट केलं.

"ही रांग डावा हात. मी इशारा केल्याशिवाय कोणी हात खाली करायचा नाही."

मी त्यायच्या मागं ऑफिसात गेली. म्हटलं, "सर, वाचन वर्ग भेटून राह्यला ना. मंग लपवाचं काहून?"

सर म्हणे, "मॅडम, वर्ग भेटेल तेव्हा भेटेल. नोटीस आधी भेटते."

"पण त्या रांगेतल्या करणले पाढे येते सर. त्यालेबी डावा?"

"आता एकेकाला कुठं तपासत बसू? शाळेच्या इज्जतीचा सवाल आहे. आन तुमच्या मानधनाचा ठराव अजून व्हायचा आहे, एवढं ध्यानात असू द्या." शेवटचं वाक्य ते हळूच बोलले, जसं माह्याच भल्याचं सांगत होते.

घरी गेली. मायले काही सांगतलं नाही. तिनं मात्र माह्या हाताकडं पाह्यलं. मी डावा खांदा दाबत बसली होती.

मॅडम आल्या. मागच्या भिंतीले प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या. सर दारात उभे. मी धडा घेतला. वाचून दाखवला, समजून सांगतला आन प्रश्न विचारला. समदे हात वर. खिडकीकडचे उजवे, दाराकडचे डावे. मॅडमनं मान वर केली, वर्गभर नजर फिरवली आन हसल्या. छान हसल्या, मनापासून. बोटानं टॅबवर काहीतरी टिपलं. त्या हसण्यात मले तो पांढऱ्या शर्टाचा साहेब दिसला. माह्या पायाखालची फरशी ओली झाली असं वाटलं, खरंच वाटलं, मी खाली पाह्यलंबी.

मी पुस्तक मिटलं.

"मॅडम," म्हटलं, "हे उजवे हात म्हणजे येते. आन हे डावे हात म्हणजे येत नाही. असं शिकवून ठेवलं हाये यायले. तुमी या रांगेले विचारा."

सर दारातून हसले. "मॅडम जरा थट्टेखोर आहेत आमच्या."

मी म्हटलं, "थट्टा नाही. मलेबी याच दारात डावा हात वर करून उभं केलं होतं. तुमी विचारा त्यायले."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या हळूच म्हणे, "ताई, प्लीज पाठ चालू ठेवा. आम्हाला मध्ये बोलता येत नाही. असं समजा की मी इथे नाहीच."

मी लेकरायकडं वळली. "हात खाली करा. समदे." खिडकीकडचे झाले खाली. दाराकडचेबी एकेक झाले. पायलचा झाला नाही. ते सराकडं पाहून राह्यली होती. मी तिच्यापाशी गेली आन तिचा हात धरला. ताठ होता, लाकडावाणी. मी खाली ओढला तं ते रडाले लागली. म्हणे, "बाई, नका करू खाली. सरायनं इशारा नाही केला. सर मारतीन."

हे मॅडमनं ऐकलं. मी पाह्यलं, त्यायनं ऐकलं. बोट टॅबवर तसंच थांबलं होतं.

पाठ तिथंच सरला. मॅडम जीपकडं निघाल्या तं मी मागं गेली. म्हटलं, "तुमी ऐकलं ना?"

"ऐकलं ताई."

"मंग लिहा ना ते."

त्या जीपच्या दाराशी उभ्या राह्यल्या. खोटं नाही सांगत, त्यायचे डोळे भरले होते. म्हणे, "आमच्या चौकटीत हात वर केला की नाही एवढंच आहे. उजवा-डावा असं काही नाही त्यात. आणि तुमचा पाठ मध्येच थांबला, तर तो मला अपूर्ण धरावा लागेल. त्याच्या आधीचंच मोजलं जाईल."

आधीचं म्हणजे समदे हात वर.

मी म्हटलं, "मंग कायले आल्या तुमी? इतक्या दुरून काय पाहाले आल्या?" त्या जीपमंदी बसल्या. जीप गेली. फुफाटा माह्या तोंडावर आला.

वाचन वर्ग आमाले भेटला नाही. आमच्या शाळेत लेकरायचा सहभाग उत्तम आहे, असं त्यायनं कळवलं. सरायनं ते प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं आन पोट्ट्यायनं टाळ्या वाजवल्या. मले समितीनं सांगतलं, सोमवारपासून येऊ नका.

त्याच संध्याकाळी छायावयनी दारात आली. बसली नाही. म्हणे, "काहून वं ताई, माह्या पोरीचा काय गुन्हा होता? परक्या बाईसमोर रडवलं तिले."

म्हटलं, "वयनी, ऐका तं."

"काय ऐकू? कोणी साहेब आला का माही पोरगी घरी येऊन सांगते, आई, आज मी हात वर केला. चार साल झाले, दर वेळी. समद्या वाड्याले सांगते मी, पायल हात वर करते म्हणून. आन तुमी तिचा हात खाली ओढला. आपल्यातल्या शिकल्या म्हणून तुमाले मानत होतो आमी."

काय सांगू? कसं सांगू? मी दाराची चौकट धरून उभी राह्यली. ते गेली. मायनं कंदिलाची काच पुसून ठेवली, लाईन जाणार होती म्हणून, आन म्हणे, "तुले म्हटलं होतं, हात वर कराचा नाही." त्या दिवशी मले पहिल्यांदा वाटलं का पुस्तकं समदी चुलीत घालावी. खरं सांगते. शिकून काय उपटलं मी? ना माहा हात सुटला, ना पोरीचा.

दिवाळीनंतर कापूस फुटला. हाताले काम नव्हतं, मी वेचाले जाऊ लागली. समितीच्या अध्यक्षाचंच वावर. छायावयनीबी तिथंच, माह्या बाजूच्या ओळीत. बोलत नव्हती. तिच्या समोर पायल, कमरेले फडकं बांधून. मॅडम आल्या त्या दिवसापासून शाळा सुटली होती तिची. ते झपाझप वेचत होती, दोन्ही हातानं. कापूस वेचताना उजवा-डावा कोणी पाहत नाही.

पोरीची पाठ पाहवेना मले. मी वेचता वेचताच बोलाले लागली. छायाकडं पाह्यलं नाही, बोंडाकडं पाहून बोलली. डावा हात म्हणजे काय ते सांगतलं. दाराकडची रांग सांगतली. माहा फ्रॉक सांगतला, खिचडी सांगतली, फरशी पुसली ते सांगतलं. एवढं समदं कोणाले कधी सांगतलं नव्हतं, मायशिवाय.

छायाचे हात थांबले.

"खोटं," म्हणे.

"तिलेच विचारा."

छायानं हाक मारली, "पायल, अठी ये वं." पोरगी आली. केसात कापूस अडकला होता. छाया म्हणे, "खरं सांग. तुले वाचता येते का?"

पायलनं आईकडं पाह्यलं. मंग माह्याकडं. मंग हात वर केला.

डावा.

छाया मटकन खाली बसली. मूठभर कापूस होता तिच्या हातात, तो मातीत पडला. "माय वं," म्हणे, "आन मी वाड्यात मिरवत होती." पोरगी तशीच उभी, हात वर. आईनं इशारा करेलोक खाली कराचा का नाही, हे तिले समजत नव्हतं. मी तिचा हात धरला नाही या वेळी. छायानं उठून धरला. खाली केला आन स्वतःच्या पोटाशी दाबून ठेवला.

छाया रडली नाही. मले तिची भीती वाटली तवा. म्हणे, "पालकाले शाळेत जाता येते का ताई?"

"येते. पोरगी तुमची हाये."

"उद्या जाऊ."

म्हटलं, "अध्यक्ष कामाले बोलावणार नाही मंग तुमाले. समजते ना?"

"समजते."

दुसऱ्या दिवशी छाया धुतलेलं लुगडं नेसून आली. पायलचा हात धरला होता. आमी तिघी वर्गात गेलो. सर शिकवत होते. पायल आपल्या जागेवर बसली, दाराकडं. आमी दोघी मागच्या भिंतीले टेकून खाली बसलो, जिथं त्या मॅडमची खुर्ची होती.

सरायनं खडू ठेवला. "हे काय?"

छाया म्हणे, "माही पोरगी हाये सर. ते कशी शिकते ते पाहाले आली."

सर माह्याकडं वळले. "आणि तुमचं इथं काय काम? तुम्ही शाळेत नाही आता."

म्हटलं, "मी वयनीसंगं आली. तुमी रोज शिकवता तसंच शिकवा सर. असं समजा का मी अठी नाहीच."

त्यायचा चेहरा लाल झाला. फळ्याकडं वळले, काहीतरी लिहिलं आन सवयीनं प्रश्न विचारला. हात वर गेले. दाराकडची रांग मात्र मागं वळून आमच्याकडं पाहाले लागली. करणचा हात अर्ध्यात थांबला. त्यानं डावा खाली घेतला आन उजवा वर केला. पायलचे दोन्ही हात मांडीवर होते. तिले येत नव्हतं, म्हणून तिनं हात वर केला नाही. चार वर्षांत पहिल्यांदा वर्गात दिसत होतं का या पोरीले येत नाही.

"हिले विचारा सर," छाया म्हणे. "हात खाली हाये तिचा. तिले काय येत नाही ते विचारा."

सर म्हणे, "असं चालणार नाही. उठा. पोलीस पाटलाला बोलावतो मी."

मी मांडी घालून नीट बसली. म्हटलं, "बोलवा. आमी उठत नाही. उठवाचंच असन तं हात धरून उठवा. कोणता धराचा ते तुमीच ठरवा."

पोलीस पाटील आला, पाहून गेला. अध्यक्षाचा माणूस दारात उभा राहून गेला. छायाले त्याच्या वावरात काम बंद झालं, मलेबी झालं. वाड्यातले दोघं-तिघं म्हणतात, यायच्या पायी आपल्या समद्यायच्या पोटावर पाय येईन. येईनही. माय बोलत नाही माह्यासंगं. पुण्याहून कोणी आलं नाही आन येणारबी नाही. मधल्या सुट्टीत मी वाचाले घेऊन बसली का पायल अजून अक्षरावर बोट ठेवून अडते, घाम फुटते तिले, कधी कधी रडते. एका वर्षातलं अर्धं गेलं. बाकी अर्ध्यात तिले वाचता येईन का नाही, मले ठाव नाही.

मले एवढं ठाव हाये का सकाळी प्रार्थना झाली का मी त्या वर्गात जाते आन भिंतीले टेकून बसते. छायाले दुसऱ्या गावात मजुरी भेटली तं ते जाते, मंग मी एकटी बसते. सर जे विचारतात ते ऐकते. कोणाले विचारतात ते पाहते. त्या वर्गात एकबी डावा हात वर आहे तोपर्यंत मी उठणार नाही.